विजेच्या विस्तवावरचा घास

करडीहून मी निघाले त्या दुपारी अर्धं गाव स्टँडवर आलं होतं. आई तेवढी आली नव्हती. बाबांनी माझी मोठी बॅग डोक्यावर घेतली होती. तिला चाकं आहेत हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते, पण नवीकोरी बॅग धुळीतून ओढत न्यायची, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. काका-काकू होते, मला सातवीत गणित शिकवणारे गुरुजी होते, शेजारच्या बाया होत्या. सगळ्या एकच विचारत होत्या, "आई कुठं गेली वं?" आई घरी चुलीपुढे बसली होती. मी पाया पडले तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, "जाय बाई. मी नाही येत स्टँडवर. घरचं मानूस रस्त्यात असल्यावर चूल थंडी पडू देऊ नये."

घरी गॅस होता, पण ही तिच्या आईकडून आलेली रीत होती आणि ती गॅसच्या बटणावर चालणारी नव्हती. बाबा माझ्यासोबत नागपूरपर्यंत आले. जवाहरनगरच्या पुढे तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या बसगाड्या दिसल्या, तेव्हा म्हणाले, "इथं नोकरी लागली असती तं रोज सायंकाळी घरी आली असती." मग लगेच म्हणाले, "पन तुले तेवढंच कायले पाहिजे?" विमानतळाच्या दारात पोलिसाने त्यांना थांबवलं. मी आत जात असताना त्यांनी ओरडून सांगितलेलं शेवटचं वाक्य म्हणजे आशीर्वाद नव्हता. "पोचली का आधी आईले फोन कर. नाही तं थे चुलीपुढून उठनार नाही."

मी स्कॉटलंडमधल्या या गावात पोचून फोन केला, तोवर आईने खरंच विस्तव जागा ठेवला होता. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, सकाळी राख सारून फुंकर घालायची. फोनवर ती म्हणाली, "पोचली ना? मंग आता विझवतो." एवढंच. मी त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये अंगातला कोट न काढता उभी होते आणि हजारो मैलांवर माझ्यासाठी पेटती ठेवलेली चूल पाण्याचा हबका बसून चुर्र झाली, ते मला फोनमधून ऐकू आलं.

हे मी घरी राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, तसंच माझ्यासारख्या निघून आलेल्या आणि अजून निघणार असलेल्या मुलींसाठीही. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. शिकवलं बाबांनी, धानाच्या चार बांध्यांच्या शेतीवर आणि स्वतःच्या हौसा मारून. भंडाऱ्याला बी. एस्सी., नागपूरला एम. एस्सी., मग इथला एक कोर्स, आणि आता इथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम. या सगळ्याबद्दल मी कृतज्ञ आहे आणि तक्रार म्हणून काही लिहीत नाही. पण इथे आल्यावर मला सगळ्यात आधी जे शिकावं लागलं, ते कुठल्या कॉलेजात नव्हतं. या घरातला विस्तव कसा वापरायचा, हे मला माहीत नव्हतं.

माझ्या स्वयंपाकघरात भिंतीच्या कपाटातच बसवलेला विजेचा ओव्हन आहे. एकावर एक असे दोन कप्पे, दोन्हींना काचेची दारं. वरचा लहान, त्याच्या छताला ग्रिल म्हणजे तापून लालबुंद होणाऱ्या नळ्या. खालचा मोठा. मध्ये एक घड्याळ. मी आले तेव्हा त्या घड्याळात चार शून्यं उघडझाप करत होती आणि कुठलंही बटण फिरवलं तरी काही तापत नव्हतं. मला वाटलं बिघडलाय. नव्या भाडेकरूने आल्या आल्या तक्रार कशी करायची, म्हणून मी पाव आणि दही खात राहिले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मार्गारेट यांनी जिन्यात विचारलं, काय खातेस, तुझ्या स्वयंपाकाचा वास कधी येत नाही. या बाईंचं वय माझ्या आईहून बरंच जास्त, घरात एकट्या, गुडघे दुखरे. तरी त्या कठड्याला धरून वर आल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "त्याला वेळ सांगितल्याशिवाय तो कामाला लागत नाही."

वेळ लावायची म्हणून मी हातातल्या फोनकडे पाहिलं. त्यावर करडीचं घड्याळ वर होतं आणि इथलं खाली. मी वरचं लावलं. तेव्हापासून माझ्या ओव्हनमध्ये आमच्या गावची वेळ चालायची. सकाळी कामावर निघताना त्यात दुपारच्या जेवणाची वेळ झालेली असायची आणि मी मनात म्हणायची, आता बाबांनी दार लोटलं असेल.

हे दाराचं सांगायला हवं. आमच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं. कोंबड्या आत येतात, शेजारीण बोलत बोलत चुलीपर्यंत येते. पण बाबा जेवायला बसले की उठून दार लोटून घ्यायचे, मग जेवायचे. आई रोज टोमणा मारायची, "कोन येऊन राह्यलं तुमचं ताट हिसकाले?" ते म्हणायचे, "कोनी नाही येत, म्हनूनच लोटतो. दार उघडं असलं का मानूस वाटच पायत राह्यते. जेवताना जेवनाकडे पाहाव." मग आई माझ्याकडे बघून म्हणायची, "पाय, राजे जेवाले बसले."

माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराचं दार मी उघडंच ठेवायची. ते जड आहे, आगीसाठीचं म्हणून मुद्दाम जड केलेलं, आणि सोडलं की आपोआप बंद होतं. मला ते सहन होत नसे. एवढ्याशा खोलीत ते दार माझ्या पाठीमागे हळूच लागलं की आता उद्यापर्यंत कोणी बोलणार नाही, असं वाटायचं. म्हणून मी त्याला तांदळाचं पोतं लावून ठेवायची. स्वयंपाक करताना मधली बोळ दिसायची, बोळीच्या टोकाला फ्लॅटचं मुख्य दार दिसायचं. त्या दाराने माझ्याकडे येणारं कोणी नव्हतं, तरी दिसायचं. मार्गारेट एकदा म्हणाल्या, "हे पोतं काढ. हे दार बंद राहण्यासाठी आहे." मी हो म्हटलं आणि त्या गेल्यावर पुन्हा लावलं.

पहिली चूक मात्र वेगळीच झाली. आमच्याकडे चुलीच्या वर फळी असते. तिथे धूर आणि ऊब लागते, म्हणून पावसाळ्यात मीठ, वड्या, कुरडया तिथे ठेवतात. आईने मला लाखोरीच्या डाळीच्या वड्या प्लास्टिकच्या डब्यात भरून दिल्या होत्या. इथली हवा सदा ओली. मी विचार केला, वरच्या ओव्हनखाली कोरडी, उबदार, बंद जागा आहे, चुलीवरच्या फळीसारखीच. वड्यांचा डबा मी खालच्या ओव्हनमध्ये ठेवला. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. मग एका रविवारी वरच्या कप्प्यात पाव भाजायला म्हणून मी बटण फिरवलं, ते खालच्याचं निघालं. दोन्ही बटणं सारखी. थोड्या वेळाने घाणेरडा वास आला. मी खालचं दार उघडलं आणि आतल्या गरम हवेचा लोट तोंडावर आला. डबा खाली ओघळला होता आणि आईच्या वड्या त्या प्लास्टिकमध्ये रुतून बसल्या होत्या.

त्या दिवशी मार्गारेट यांनी मला सगळं नीट सांगितलं. त्यांनी ते जसं सांगितलं तसं मी इथे लिहिते, कारण तुमच्यापैकी कोणीतरी उद्या अशाच घरात जाणार आहे. ओव्हन म्हणजे कपाट नाही. लावण्याआधी दोन्ही दारं उघडून आत बघायचं, मग कुठलं बटण कुठल्या कप्प्याचं हे वाचायचं, मग फिरवायचं. तळाला चांदीचा कागद अंथरायचा नाही, उष्णता अडते आणि तळ खराब होतो. भांडं काढायला जाड, कोरडे हातमोजे. मी घरच्या सवयीने ओलं फडकं घेत असे. ओल्या फडक्यातून चटका लवकर बसतो, हे मला बोटावर फोड आल्यावर पटलं. दाराच्या दांडीला टॉवेल वाळत घालायचा नाही. तापलेल्या काचेवर पाणी उडू द्यायचं नाही. ग्रिलखालचा ट्रे दर वेळी धुवायचा, कारण त्यात साचलेली चरबी पेटते. माझ्या या ग्रिलचं दार भाजताना बंद ठेवायचं असतं. काहींचं उघडं ठेवतात, आपलं कुठलं ते आधी माहीत करून घ्यायचं.

शेवटी त्या मला भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथे ओव्हनचं वेगळं मोठं लाल बटण आहे. "आत काही पेटलं," त्या म्हणाल्या, "तर दार उघडायचं नाही. उघडं असेल तर लावायचं. हे बटण बंद करायचं. पाणी अजिबात नाही. आणि थांबायचं. विस्तवाला हवा मिळाली नाही की तो आपोआप विझतो." मी मान हलवली. आमच्याकडे विस्तवाची भीती वाटली की हात पाण्याच्या बादलीकडे जातो. काही न करता दारामागे थांबायचं, ही गोष्ट मी ऐकली पण माझ्या हातांना ती माहीत नव्हती.

बाबा गेले ते धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत. खळ्यावर बसले होते, छाती दाबून आडवे झाले, एवढंच. मला फोन आला तेव्हा मी कामावर होते. विमानं बदलत मी करडीला पोचले, तोवर सगळं होऊन गेलं होतं. कोणाची चूक नव्हती. थांबणं शक्य नव्हतं. मी तळ्याकाठच्या मसणवटीत गेले तेव्हा तिथे धुतलेली जागा होती आणि काळी माती. ज्यांनी आयुष्यभर माझ्यासाठी केलं, त्यांचा अग्नी मी पाहिला नाही. आई त्या वेळी चुलीपुढे बसून होती. मी आत आले तेव्हा म्हणाली, "आली? मंग विझवतो." सुतक असल्याने त्या चुलीवर काही शिजत नव्हतं. मी रस्त्यात होते म्हणून तिने ती धगधगती ठेवली होती.

सुट्टी संपली तशी मी परत आले. त्यानंतर वसंतात अक्षय तृतीया आली, बाबांची पहिली. आमच्याकडे हा पितरांचा दिवस. नव्या मातीच्या घागरी भरतात, स्वयंपाक करतात आणि गोवरीच्या विस्तवावर पितरांच्या नावाने तुपात भिजवलेला घास टाकतात. घास भडकून पेटला की पितर जेवले. नुसता धुरकटला तर ते रुसले, मग अजून तूप. पेटलेला घास विझवायचा नसतो. हात जोडून बसायचं, तो आपला आपण जळून जाऊ द्यायचा, मग भोवती पाणी फिरवायचं. त्याआधी घरात कोणी जेवत नाही.

लहानपणी बाबा आजोबांच्या नावाने घास टाकायचे आणि तुपाचा चमचा माझ्या हातात द्यायचे. काका म्हणायचे, "पोरीच्या जातीले कायले बसवतोस रे तिथं?" बाबा म्हणायचे, "भाऊ, मी तूप सोडलं तं बुडा रुसते. हिनं सोडलं तं भडकते. मी काय करू?" सगळे हसायचे. असंच एका वर्षी हसता हसता मला म्हणाले होते, "माया वेळेस तूच टाकजो. हा तुहा काका तूप कमी टाकते."

या वर्षी काका घरी टाकणारच होते. तरी आई फोनवर म्हणाली, "त्यायचं त्यायले टाकू दे. तुह्या बापानं तुले सांगतलं होतं. तुया हातचा गेला पाहिजे, बाई. नाही तं थो मानूस उपाशी बसन." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं कोणाचा डबा पोचवायचा राहिलाय असं सांगावं.

माझ्याकडे विस्तव नव्हता. गोवरी मागवली असती तरी पेटवायची कुठे? भाड्याच्या करारात लिहिलं आहे, उघडी ज्योत नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. मागच्या हिरवळीवरही नाही. इमारतीतल्या सगळ्या घरांचे धुराचे भोंगे एकमेकांना जोडलेले आहेत. एक वाजला की सगळे वाजतात आणि मार्गारेट यांना दुखऱ्या गुडघ्यांनी बाहेर थंडीत उभं राहावं लागतं. मी अनेक दिवस विचार करत होते. मग एकदा पाव भाजताना ग्रिलच्या नळ्या लाल झालेल्या पाहिल्या. ज्योत नाही, धूर नाही, नुसता लाल रंग. आईने राख सारल्यावर निखारे दिसतात तसाच.

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी लवकर उठून अंघोळ केली, नंतर विकत घेतलेल्या इंडक्शनच्या शेगडीवर भात, कढी, वांग्याची भाजी केली, वडे तळले. स्टीलच्या दोन तांब्यांत पाणी भरलं, घागरींच्या जागी. ग्रिलचा ट्रे घासून कोरडा केला. दोन्ही कप्पे उघडून पाहिले. खालचा रिकामा होता. घरून आणलेल्या लहान लोखंडी तव्यावर भाताचा घास ठेवला, त्यावर वड्याचा तुकडा, भाजी आणि तूप. फोन ओट्यावर तांब्याला टेकवून उभा केला. पलीकडे आई, तिच्या मागे आमची भिंत, भिंतीवर उन्हाची तिरीप. ओव्हनच्या घड्याळात तिच्याकडची दुपार होती. खिडकीबाहेर माझी सकाळ, पावसाने भिजलेली.

मी ग्रिल लावलं, तवा वरच्या खणात सरकवला आणि दार बंद केलं.

"काहून लावलं दार?" आई म्हणाली. "मले दिसू दे."

"आई, याचं दार बंदच ठेवावं लागते."

"अव, घास टाकून राह्यलो आपन. पेटला का नाही ते पाहाव लागते ना."

तिचं खरं होतं. मीही त्याचसाठी बसले होते. मी दार उघडलं आणि हात जोडून बसले. आईने बाबांचं नाव घेतलं, मी घेतलं. तूप आधी चुरचुरलं. धूर आला, पातळ, घरच्यासारखाच वास. "रुसला," आई म्हणाली, "तूप टाक. हात नको आवरू, बाप हाय तुहा." मी चमच्याने तूप सोडलं.

घास भडकला. तव्यावरून ज्योत उठली ती थेट ग्रिलच्या नळ्यांना जाऊन लागली आणि उघड्या दारातून बाहेर आली, माझ्या हाताइतकी लांब. पलीकडून आईचा आवाज आला, इतके महिने मी तिला इतकं आनंदलेलं ऐकलं नव्हतं. "पेटला! पेटला वं माय! घेतला त्यायनं! हात जोड!"

आणि त्याच क्षणी बोळीतला भोंगा किंचाळायला लागला, त्याच्यामागे वरचा, खालचा, सगळे. तांदळाच्या पोत्याने उघडं ठेवलेल्या दारातून धूर सरळ तिकडे गेला होता. ओव्हनच्या वरचं लाकडी कपाट ज्योतीपासून वीतभर अंतरावर होतं. मी तांब्याकडे हात नेला. आई ओरडली, "पानी नको! विझवू नको त्यायले! जेवून राह्यले ते!"

तिने मला पाणी टाकू दिलं नाही हे बरं झालं. पेटत्या तुपावर पाणी पडलं असतं तर काय झालं असतं हे आता मला माहीत आहे. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी जी गोष्ट करणार आहे, ती आमच्या घरात कोणी कधी केलेली नाही. बाबा समोर जेवत होते. त्यांचा अग्नी एकदा माझ्याशिवाय पेटला आणि माझ्याशिवाय विझला होता. हा माझ्या हातचा होता. मी ओव्हनचं दार त्यांच्या तोंडावर लावलं. भिंतीवरचं लाल बटण बंद केलं. आणि थांबले.

फोनमध्ये आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

काचेमागे ज्योत अजून होती. ती काचेला येऊन टेकली, मागे गेली, निळसर झाली. मार्गारेट जिना चढून आल्या, घरातल्या गाऊनवर कोट घालून, धापा टाकत. फ्लॅटचं दार मी उघडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, मग ओव्हनकडे, मग बटणाकडे पाहिलं. "बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. बोळीतून येताना त्यांनी पायाने पोतं बाजूला सारलं. स्वयंपाकघराचं दार त्यांच्या मागे लागलं आणि भोंग्यांचा आवाज अर्ध्याने कमी झाला. त्यांनी खिडकी उघडली. मग मांडलेलं पान, पाण्याचे तांबे आणि फोनमधली पदर घेतलेली बाई त्यांना दिसली.

"कोणासाठी होतं?" त्यांनी विचारलं.

"वडिलांसाठी."

त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, हात कोटाच्या खिशात, आणि आम्ही दोघी काचेकडे बघत राहिलो. ज्योत लहान होत गेली आणि मग नव्हती. भोंगेही एकामागून एक थांबले. "लगेच उघडू नकोस," त्या म्हणाल्या. "उघडलं की हवा मिळते, पुन्हा पेटतं. पूर्ण थंड होऊ दे."

"थे बाई कोन हाय?" फोनमधून आईचा बारीक आवाज आला.

"खालची. मार्गारेट."

"तिले जेवाले थांबव."

मी सांगितलं. मार्गारेट म्हणाल्या, इतक्या सकाळी माझ्याने भात जाणार नाही, पण वाढून दे, दुपारी खाते. मी ताट भरून दिलं. पायऱ्या उतरताना त्यांचा हात कठड्यावर थांबत थांबत जात होता.

मग मी आणि आई उरलो. ती स्क्रीनकडे बघत नव्हती, बाजूला कुठेतरी बघत होती. मला वाटलं आता ती म्हणेल, अर्ध्या ताटावरून उठवलं तू त्यायले. मीच म्हटलं, "आई, मी विझवला नाही. दार लावलं फक्त."

"पाहिलं मी."

"लावावंच लागलं."

"उघड आता," ती म्हणाली. "पाय, काही उरलं का."

काच हाताला गार लागेपर्यंत मी थांबले, मग उघडलं. धुराचा वास बाहेर आला. तव्यावर काही नव्हतं. म्हणजे काळी राख होती, पापुद्र्यासारखी, बोट लावताच विरून गेली. भाताचं शीतही उरलं नव्हतं. मी तवा फोनसमोर धरला.

आईने बराच वेळ पाहिलं. तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं रडते आहे. रडतही होती, पण तिच्या खांद्यांवरून कळलं की हसते आहे.

"काय झालं आई?"

"अव, त्यायले जन्मभर दार लोटूनच जेवाची सवय," ती म्हणाली. "मी मूर्ख! दार उघडाले लावलं तुले. म्हनून धुरकटत होते राजे! तू लोटलं तवा पुरं ताट साफ केलं त्यायनं."

ती म्हणाली, "पानी फिरव आता भोवताल. आन मंग जेव. उपाशी असशीन."

मी वाटीत पाणी घेऊन गार तव्याभोवती फिरवलं. आईने फोन ठेवला, तिकडेही सगळे तिच्यासाठी थांबले होते. काका थांबले होते, काकू थांबली होती. इकडे मी होते.

कढी पार गार झाली होती. ट्रे आणि आतला कप्पा पुसून काढला, भिंतीवरचं बटण पुन्हा चालू केलं. घड्याळातली वेळ गेली होती, चार शून्यं पुन्हा उघडझाप करत होती. खालच्या ओव्हनमध्ये भात-कढी गरम करायची तर आधी वेळ सांगावी लागणार होती. मी फोन हातात घेतला. वर करडीची दुपार होती. तिथे आता पंगत बसली असेल, आईच्या पुढ्यात ताट आलं असेल. खाली इथली सकाळ, साडेआठ. जेवायची वेळ नव्हती. पण भूक मला लागली होती आणि ती इथे लागली होती. मी साडेआठ लावले.

तुम्ही विचारता, तिकडे घरासारखं वाटतं का. मला नीट सांगता येत नाही. मी अजूनही फोन वाजला की आधी करडीची वेळ मनात मोजते. अजूनही रस्त्यात असले की मला वाटतं, कोणीतरी राख सारून फुंकर घालत असेल. आई म्हणते, आता गुडघे धरतात, चुलीपुढे फार बसवत नाही. तरी मी विमानात बसले की ती बसणार, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे तिच्यासाठी तशी चूल नाही. माझ्याकडे एक बटण आहे, जे मी निघताना बंद करते आणि आल्यावर लावते.

त्या दिवशी मी ताट वाढून घेतलं आणि बसले. बसल्या बसल्या मान वळली, सवयीने, बोळीकडे. बोळ दिसली नाही. मार्गारेट यांनी सारलेलं पोतं बाजूला तसंच पडलं होतं आणि दार लागलेलं होतं. मी उठले. पोतं उचलून कपाटात ठेवलं. मग दार नीट लागलंय ना ते हाताने लोटून पाहिलं, आणि जेवायला बसले.